कोबेला निघण्याआधी

जपानात ओसाकाला मुक्काम ठेवून जवळचं कोबे शहर अर्ध्या दिवसात उरकायचं, असा बेत बरेच जण आखतात. तयारीची सुरुवात तो बेत मोडण्यापासून करा. कोबेला पूर्ण दिवस द्या, जमलं तर एक रात्रही.

मग नकाशा नीट पाहून घ्या. उत्तरेला रोक्कोचे डोंगर, दक्षिणेला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर. इथली माणसं पत्ता सांगतानाही डोंगराकडची बाजू, समुद्राकडची बाजू असंच म्हणतात, म्हणून सान्नोमिया स्टेशनाबाहेर आल्यावर आधी डोंगर कुठे दिसतो ते बघा. बूट मुरलेले हवेत, कारण जुन्या विलायती घरांच्या कितानो भागापर्यंत सगळा चढ आहे.

थोडा इतिहास घरूनच वाचून जा, नाहीतर कितानो म्हणजे नुसती जुनी विलायती घरं वाटतील. १८६८ साली हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. समुद्रालगत परदेश्यांची वसाहत आखली गेली. ती अपुरी पडू लागली तसे व्यापारी वर चढावर राहायला गेले. चीनशी तेव्हा जपानचा करार नव्हता, त्यामुळे चिनी लोकांना वसाहतीत जागा मिळाली नाही. ते तिच्या पश्चिमेला राहिले, तीच आजची चिनी पेठ, नानकिनमाची. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले. १९३५ ची मशीद उभारण्यात भारतीय व्यापाऱ्यांच्या देणग्या आहेत, आणि कितानोतलं संगमरवरी जैन मंदिर १९८५ चं. दोन्हीकडे जायचं तर अंगभर कपडे घाला, बायकांनी ओढणी जवळ ठेवा. कितानोतल्या घरांची तिकिटं वेगवेगळी असतात, सगळी पाहण्याचा हट्ट नको. दुरुस्तीसाठी कुठलं बंद आहे तेही आधी तपासा.

दिवसाचा मोठा भाग मात्र भूकंपासाठी राखून ठेवा. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६. सहा हजार चारशेहून अधिक माणसं गेली, नागाता भागात आगीने वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. किल्लारी आठवणाऱ्या आपल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. मेरिकेन पार्कात बंदराच्या धक्क्याचा फुटलेला तुकडा, वाकलेल्या दिव्यांसकट, तसाच ठेवलाय. तो बघाच. भूकंपाचं संग्रहालय बहुधा सोमवारी बंद असतं, तेव्हा वार बघून तारीख ठरवा. लहान मुलं सोबत असतील तर तिथल्या चित्रफितीची कल्पना त्यांना आधी द्या.

खाण्याचं थोडक्यात: शाकाहारी असाल तर भारतीय हॉटेलं सान्नोमिया-कितानो भागात मिळतात; जपानी रश्श्यात मासळीचा अर्क बहुतेक असतोच, म्हणून 'मांस, मासळी, माशाचा अर्क नको' हे जपानीत लिहिलेली चिठ्ठी खिशात असू द्या. नादा भागातले साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, जुने कारखाने वेळ असेल तरच.

संध्याकाळ हाताशी उरली तर लोकलने माइकोला जा. तिथल्या समुद्रावरच्या आकाशी झुलत्या पुलाचं काम भूकंपाच्या वेळी चालू होतं, मनोरे उभे झाले होते. जमीन सरकली आणि दोन मनोऱ्यांमधला गाळा सुमारे एक मीटरने लांबला. आज तो १,९९१ मीटर आहे. पुलाखालच्या सज्जात वारा झोंबतो, तेवढं जाकीट पिशवीत टाका.