ट्रायकोकार्ड घरी करायचं? मग आधी पतंग पाळा

ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी. उसावरच्या खोडकिडीच्या अंड्यात ती आपलं अंडं घालते, आणि त्यातून अळीऐवजी नवी माशीच बाहेर पडते. अळी एकदा खोडात शिरली की मात्र ट्रायकोग्रामाचा काही उपयोग नाही. ट्रायकोकार्डं, म्हणजे ट्रायकोग्रामाने आत अंडी घातलेली पतंगाची अंडी चिकटवलेले जाड कागद, वेळेवर हाताशी हवीत ती म्हणूनच, आणि त्यासाठीच आम्ही ती घरी करायला लागलो. माशी वाढवणं सोपं आहे. कष्ट आहेत ते तिला अंडी पुरवणारा कॉर्सिरा, म्हणजे तांदळाला जाळी करणारा पतंग, पाळण्यात.

अडीच किलो ज्वारी किंवा बाजरी भरडा. दाण्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत, पीठ नको. आधीची कीड मरेल इतकी भरड तापवा आणि पूर्ण गार होऊ द्या. त्यात १०० ग्रॅम शेंगदाण्याचा भरडा, ५ ग्रॅम यीस्ट आणि कोळीकीड होऊ नये म्हणून ५ ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक घाला. रुंद टबात पसरून वर कॉर्सिराची अर्धा सीसी, म्हणजे आठ-नऊ हजार अंडी भुरभुरा आणि तोंड मलमलीने घट्ट बांधा. अंडी आणि पहिलं ट्रायकोकार्ड कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत चौकशी करून मिळवा. अंडी ‘पतंग वाढवायला हवीत’ असं स्पष्ट सांगा, कारण कार्डासाठी अतिनील प्रकाशात मारलेली अंडी उबत नाहीत.

साधारण चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात. रोज सकाळी ते गोळा करून तळाला बारीक जाळी असलेल्या डब्यात सोडा, आत मधाच्या पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा. अंडी खालच्या कागदावर पडतात, ती चाळून घ्या. हे करताना तोंडाला फडकं हवंच. पतंगाचे खवले उडतात आणि दम्याच्या माणसाला फार त्रास देतात.

आमचे सहा टब एकदा हातचे गेले. मलमल उचलली तर अळ्या लुळ्या पडलेल्या, शेजारी पांढरे इवलेसे कोष. ब्रेकॉन! ही दुसरी गांधीलमाशी नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी मुद्दाम सोडतात, पण पतंगाच्या खोलीत ती शिरली की सगळं संपतं. फाटकं फडकं वापरू नका, खिडकीला बारीक जाळी लावा. ट्रायकोकार्डांचं कामही दुसऱ्या खोलीत करा, नाहीतर टबात टाकायच्या अंड्यांवरच माशी बसते.

आता कार्ड. १५ बाय १० सेंटिमीटरच्या जाड कागदाला पातळ डिंक लावून त्यावर एक सीसी ताजी अंडी एकसारखी भुरभुरा. वाळल्यावर सुटी अंडी झटकून टाका. मग १५ वॅटच्या अतिनील ट्यूबखाली, वीतभर अंतरावर, अर्धा तास ठेवा. हे टाळलं तर अळ्या निघून शेजारची अंडी फस्त करतात. ट्यूब चालू असताना तिच्याकडे बघू नका. नंतर सहा नवी कार्डं आणि माश्या निघायच्या बेतात असलेलं एक जुनं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र बंद करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोत्यासारखी अंडी काळी पडतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आम्ही घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या होत्या.

सातव्या-आठव्या दिवशी माश्या निघतात, त्यामुळे कार्ड आदल्या संध्याकाळी शेतात न्या. लगेच नको असेल तर काळं कार्ड १० अंशांच्या आसपास दोन आठवडे टिकतं. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका. उसाला एकरी साधारण एक कार्ड, दर दहा दिवसांनी, चार ते सहा वेळा. कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचा आणि रानभर विखरा. मुंग्या अंडी पळवतात, त्यांच्या वाटेवर टाचू नका. आधी-नंतर निदान आठवडाभर कीटकनाशक मारू नका.

तीन-चार दिवसांनी एखादी पट्टी काढून भिंगाखाली धरा. काळ्या अंड्याला बारीक गोल भोक दिसलं की माशी बाहेर पडून कामाला लागली.