घटनेची वकिली करायचीय? आधी सातबारा वाचायला शिका

दर उन्हाळ्यात लॉचे निकाल लागले की दोन-तीन पोरं-पोरी भेटायला येतात. घटनापीठाची सुनावणी मोबाइलवर थेट बघितलेली असते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, मला कॉन्स्टिट्युशनल प्रॅक्टिस करायचीय." मी विचारते, सातबारा वाचता येतो का? ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक कधी हातात घेतलंय का? पोरगं ओशाळतं. त्याला वाटतं, मॅडमनी विषय टाळला.

मी चोपड्याची. 1994 ला सनद घेतली, नऊ वर्षं जळगावच्या जिल्हा कोर्टात काढली आणि मग औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका, म्हणजे सरकारी आदेशांना हायकोर्टात थेट आव्हान देणाऱ्या याचिका, चालवायला लागले. शहराचं नाव आता बदललंय, पण बारमध्ये अजून सगळे "औरंगाबाद बेंच"च म्हणतात. 1981 च्या ऑगस्टमध्ये हे खंडपीठ सुरू झालं. त्याआधी जळगाव-धुळ्याच्या माणसाला सरकारविरुद्ध हायकोर्टात जायचं तर मुंबई गाठावी लागे. आता पहाटेची एसटी धरली की अजिंठ्याचा घाट चढून साडेदहाच्या आत कोर्टात पोचता येतं. घाटात ट्रक आडवा पडला नाही तर.

कागदोपत्री पात्रतेवर फार बोलत नाही, ती सगळ्यांना माहीत असते. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं, सीईटी, मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सुप्रीम कोर्टात स्वतःच्या नावावर प्रकरण दाखल करायचं असेल तर अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डची वेगळी परीक्षा आहे. तिच्यासाठी चार वर्षांची वकिली आणि वर्षभराचं प्रशिक्षण लागतं. तिची घाई करू नका.

घाई करायची ती तालुक्याच्या कोर्टात बसायची. कारण सांगते. अनुच्छेद 226 खाली हायकोर्टात जाता तेव्हा तिथं सहसा साक्षीपुरावा होत नाही, खाली तयार झालेल्या कागदांवरच बोलायचं असतं. तहसीलदारासमोर जो मुद्दा मांडलाच नाही, जो कागद दाखल केलाच नाही, तो वरती आणायचा म्हणजे घाम फुटतो. म्हणून घटनेचं अर्धं काम तहसील कचेरीतच होऊन जातं. मसुदा समितीचे अध्यक्ष झाले ते बाबासाहेबसुद्धा 1937 ला धुळ्याच्या कोर्टात कामासाठी आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते. दर 31 जुलैला तिथं लोक जमतात. एकदा जाऊन या.

माझी पहिली रिट याचिका 2003 ची. सरपंचबाईंना अपात्र ठरवलं होतं. मी चौदा पानं ग्राउंड्स, म्हणजे आव्हानाची कारणं, लिहिली. समानतेचा अनुच्छेद 14, जगण्याच्या हक्काचा 21, नैसर्गिक न्याय, सगळं घातलं. फी अडीच हजार, त्यातले हजार झेरॉक्सला गेले. प्रकरण पुकारलं. न्यायमूर्तींनी पानं उलटली आणि विचारलं, "आव्हान दिलेला आदेश कुठंय?" मी म्हटलं, एक्झिबिट डी. डीवर होती आदेशाची नोटीस. खुद्द आदेश माझ्या बॅगेत, मूळ प्रत जपून ठेवलेली! एका आठवड्याची मुदत मिळाली आणि तेवढ्यात उपसरपंचानं पदभार घेतला. बाई मला काही बोलल्या नाहीत. परतीच्या एसटीत चाळीसगावपर्यंत नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या.

तेव्हापासून ग्राउंड्स शेवटी लिहिते. आधी तारखांचा तक्ता. कोरा कागद घ्या आणि डावीकडे तारीख, मध्ये काय घडलं, उजवीकडे त्याचा पुरावा कोणत्या पानावर, असे तीन रकाने आखा. अर्ज दिला म्हणता, तर आवक शिक्का असलेली पोच कुठंय? नोटीस मिळाली नाही म्हणता, तर ती कुणाच्या नावानं बजावली, पाकिटावर पोस्टाचा शेरा काय? उजवा रकाना रिकामा राहिला तर पक्षकाराला परत गावी पाठवा. तो चिडतो, चिडू द्या. तक्ता भरला की प्रकरण आपोआप बोलायला लागतं. आदेश 12 तारखेचा, सुनावणीची नोटीस हातात पडली 14 ला. मग अनुच्छेद 14 वर निबंध कशाला लिहायचा?

आपल्या भागात सगळ्यात जास्त काम कशाचं येईल तर जात पडताळणीचं, म्हणजे जातीचा-जमातीचा दावा खरा का हे समितीसमोर तपासण्याचं. टोकरे कोळी, तडवी, ठाकूर असे दावे रोज येतात. यातले टप्पे नीट शिका. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशात असते, ती कोर्टाला बदलता येत नाही, जशी आहे तशीच वाचायची. सुप्रीम कोर्टानं हे 2000 साली मिलिंद प्रकरणात स्पष्ट केलं. पडताळणीची पद्धत 1994 च्या माधुरी पाटील निकालातून आली आणि 2001 चा राज्याचा कायदा त्यानंतरचा. पूर्वी यादीत क्षेत्रबंधन होतं, म्हणजे ठरावीक भागातल्या लोकांनाच त्या जमातीचं धरायचे, 1976 च्या दुरुस्ती कायद्यानं ते गेलं. म्हणजे जुन्या काळात कुणाला दाखला का नाकारला, हे समजायला तो कायदाही वाचावा लागतो. आणि 2023 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की आप्तभाव चाचणी ही काही लिटमस टेस्ट नव्हे. लग्नात कोणती गाणी म्हणता, देव कोणता, नुसत्या एवढ्यावरून निकाल लावता येत नाही.

पण खरी लढाई असते 1950 च्या, म्हणजे राष्ट्रपतींच्या त्या आदेशाच्या, आधीच्या कागदाची. आजोबांची शाळा कोणती होती ते विचारा. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर प्रवेश-निर्गम रजिस्टर मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात सापडतं, कोपरे वाळवीनं खाल्लेले. गाव नमुना 14 ला जन्म-मृत्यूची नोंद मिळते, कधी कधी मोडीत. मोडी वाचणारा माणूस ओळखीचा ठेवा. मी स्वतः उशिरा शिकले, त्याचं अजून वाईट वाटतं. एकदा रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसतं "कोळी" होतं आणि पुढचा शब्द शाईच्या डागाखाली. उन्हात धरलं तर "टो" दिसत होतं. फोटो काढला, मुख्याध्यापकांची सही घेतली, पण नुसत्या "टो"वर मी ते चालवणार नव्हते. चुलत आजोबांच्या शाळेत गेलो, तिथं स्वच्छ नोंद मिळाली. डागाळलेल्या शब्दावर दावा उभा करू नका, कितीही मोह झाला तरी.

दुसरी गोष्ट, कुठल्या दारी जायचं ते आधी ठरवा. "पर्यायी मार्ग उपलब्ध" या एका ओळीवर निम्म्या याचिका परत येतात. अपील असेल तर आधी अपील. अपवाद आहेत: मूलभूत हक्क, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना केलेला आदेश, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान. त्यात बसत नसाल तर पक्षकाराला तोंडावर सांगा. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की फोन वाजायला लागतात, "ताई, त्याचा अर्ज बाद करून आणा." अनुच्छेद 243-ओ वाचा. निवडणुकीला आव्हान द्यायचं तर निवडणूक याचिकेनंच, आणि ग्रामपंचायतीत निकाल जाहीर झाल्यापासून 15 दिवसांत. सोळाव्या दिवशी आलेल्या माणसाला फक्त चहा पाजता येतो.

आता सार्वजनिक कामाचं. आमच्या जळगावच्या कोर्टात वकिली करून प्रतिभाताई पाटील 1962 ला आमदार झाल्या, पुढे राष्ट्रपती. तो एक रस्ता. माझा नाही, मला गर्दीत बोलता येत नाही. पण घटनेची वकिली करता म्हटल्यावर राजकारण तुमच्या ओसरीवर येतंच. 4 मार्च 2021 ला सुप्रीम कोर्टानं विकास गवळी प्रकरणात निकाल दिला, तेव्हा ते पुरतं कळलं. धुळे-नंदुरबार जिल्हा परिषदांत आदिवासींच्या जागा लोकसंख्येनुसार आधीच भरपूर. त्यावर ओबीसींच्या सरसकट 27 टक्के धरल्या की बेरीज पन्नासच्या पुढे. कोर्ट म्हणालं, आधी स्वतंत्र आयोग नेमून माहिती गोळा करा, मग प्रत्येक संस्थेचं प्रमाण ठरवा, आणि एकूण आरक्षण पन्नासच्या आत ठेवा. निवडून आलेल्यांच्या जागा गेल्या, ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणुका झाल्या.

निकालाच्या आठवड्यात जागा गेलेले आले, जागेवर डोळा असलेलेही आले. दोघांना एकच उत्तर दिलं, एकाच कागदावर बेरीज मांडून. असं काही कराल तेव्हा ते कागद जपून ठेवा. एका बाजूला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलंत तर आठवडे बाजारात दोन दिवसांत कळतं. पत्रकारांशी बोलायचं ते झालेल्या निकालावर, आपल्या चालू प्रकरणावर अजिबात नाही. राजकीय पक्षाच्या वकील-पॅनलचं काम घ्यावं का, हे मला विचारू नका. मी घेतलं नाही, पण ज्यांनी घेतलं त्यांतले काही माझ्याहून चांगले वकील आहेत.

वाचनाचं म्हणाल तर रोज एक निकाल, मथळ्यातला सारांश नव्हे, पूर्ण. आणि संविधान सभेतल्या चर्चा. पोरं त्या दिल्लीच्या म्हणून वाचतात. संविधान सभा हवी ही मागणी 1936 ला आपल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनानंही केली होती, केळीच्या मुलखात, खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनात. यावलच्या रस्त्यानं जाताना आठवा.

पैसे पहिली तीन वर्षं कमीच. जिल्हा कोर्टातली दोन-चार दिवाणी कामं सोडू नका, त्यांच्यावरच एसटीचं भाडं निघतं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला विधी सेवा कायद्यानं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे पक्षकाराला सांगा, तुमची फी बुडाली तरी. आणि मुलींनो, पहिली पाच वर्षं लोक तुमच्याकडे बघून विचारतील, "वकीलसाहेब कधी येतील?" मी टेबलावरची पाटी पुढं सरकवायचे.

एक काम आणखी शिका: निकाल समजावून सांगणं. मागच्या पावसाळ्यात शिरपूरकडच्या एका मुलीची याचिका मंजूर झाली. आजोबा सोबत होते, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. जात पडताळणी समितीचा आदेश रद्द झाला होता, पण दावा नव्यानं ऐकायला परत पाठवला होता. मी व्हरांड्यात सांगितलं, आबा, आपण जिंकलो, पण दाखला अजून नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आते काय करानं?"

मी पिशवीतून त्यांच्या शाळेच्या रजिस्टरची झेरॉक्स काढली आणि कोणत्या पानाची खरी नक्कल पुन्हा आणायची, तिथं पेन्सिलनं खूण केली.