जादा दिवे लावताना या चुका टाळा: भार गाडीवर नाही, जोडावर येतो

गाडीला फॉग लॅम्प, स्पॉट लाइट किंवा एलईडी बार लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बॅटरी उतरणार नाही ना? प्रश्न चुकीचा नाही, पण काळजी भलत्या जागी आहे. ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे म्हणजे ११० वॉट. १२ व्होल्टने भागलं की साधारण ९ अँपिअर येतात. कारचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, बहुधा ७० अँपिअर किंवा त्याहून मोठा असतो, त्याला हे ओझं जड नाही. तेच ९ अँपिअर मूळ हेडलाइटच्या बारीक वायरीतून, डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून किंवा पिळून टेप मारलेल्या जोडातून नेले की मात्र काम बिघडतं.

हिशोब करून बघा. जोड सैल आहे आणि त्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, फक्त ०.१ ओहम आहे असं धरा. ९ अँपिअरला तिथे ०.९ व्होल्ट गळतात आणि ८ वॉटची उष्णता तयार होते. ८ वॉट ऐकायला कमी वाटतात, पण ते काडेपेटीच्या गुलाएवढ्या जागेत, बंद कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटच्या) आत साठतात. कपलरचं प्लास्टिक आधी तपकिरी पडतं, मग मऊ होतं, पिन आणखी सैल होते, रोध वाढतो आणि उष्णताही वाढते. वायरिंग जळाल्याच्या बऱ्याच तक्रारींत अल्टरनेटर शाबूत असतो, गेलेला असतो तो एखादा जोड.

हेडलाइटच्या वायरीतून थेट करंट घेणे

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. हेडलाइटची वायर सोलायची, नवी वायर गुंडाळायची, टेप मारायची. दिवे लागतातही. जुन्या गाडीत हा सगळा भार हेडलाइटच्या स्विचवर जातो आणि काही काळाने स्विच गरम लागू लागतो. नव्या गाड्यांत हेडलाइट बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या संगणकातून चालतात. प्रत्येक दिव्याला किती करंट जायला हवा हे त्या मॉड्यूलला ठाऊक असतं. जास्त गेला की ते आउटपुट बंद करतं आणि मग जादा दिव्यांसोबत मूळ हेडलाइटही विझतो, तोही रात्री रस्त्यात.

उपाय जुनाच आहे: रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. मोठा करंट बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट रिलेला आणि रिलेतून दिव्याला. हेडलाइटच्या वायरीकडून किंवा स्विचकडून फक्त इशारा घ्यायचा. रिलेची कॉइल ०.१५ ते ०.२ अँपिअर खाते, तेवढं कोणताही स्विच सहज पेलतो.

रिले लावला, पण पिना चुकल्या

पिनांचे आकडे रिलेच्या तळाशीच छापलेले असतात. ३० वर बॅटरीकडून येणारी जाड वायर, ८७ वर दिव्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. गोंधळ होतो तो पाच पिनांच्या रिलेत. मधली ८७ए ही पिन रिले बंद असताना जोडलेली असते. दिव्याची वायर तिथे गेली की स्विच बंद केल्यावर दिवे लागतात आणि चालू केल्यावर विझतात. हे गंमतीचं वाटतं, पण गाडी रात्रभर उभी राहिली तर सकाळी सेल्फ फिरणार नाही. काही रिलेंमध्ये कॉइलला समांतर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्याची खूण रिलेवर छापलेल्या आकृतीत दिसते. तिथे कॉइलचं प्लस-मायनस उलटं चालत नाही.

इशारा कुठून घ्यायचा हे मल्टिमीटर लावल्याशिवाय ठरवू नका. काही गाड्यांत हेडलाइटला प्लस कायम असतो आणि स्विच मायनसच्या बाजूला असतो. अशा ठिकाणी कॉइलचं एक टोक बॉडीला आणि दुसरं कायम प्लसच्या वायरीला लागलं तर रिले सुटतच नाही. आणखी एक त्रास नव्या गाड्यांचा: मॉड्यूल हेडलाइटला सलग व्होल्टेज न देता झपाट्याने चालू-बंद करत देतं. डोळ्याला ते कळत नाही, पण रिले टरटर वाजत राहतो आणि त्याचे कॉन्टॅक्ट करपतात. अशा वेळी मॉड्यूलला हात न लावता इग्निशनवर चालणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून, स्वतंत्र स्विचमार्गे इशारा घेतलेला बरा. हाय बीमसोबत लागणारे दिवे डिपर दिल्यावर विझायलाच हवेत, समोरच्याच्या डोळ्यांचाही विचार आहे.

फ्यूज: चुकीची जागा, चुकीचा आकडा

फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की जागाही आपोआप ठरते. तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. दिव्याजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या वायरीला संरक्षणच राहिलं नाही. ती कुठे पत्र्याला घासून सोलली गेली, तर बॅटरी तिच्यात शेकडो अँपिअर ओतू शकते.

आकडा वायरीच्या कुवतीपेक्षा कमी आणि दिव्यांच्या करंटपेक्षा थोडा जास्त असावा. ५५ वॉटच्या दोन दिव्यांना २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा, म्हणजे निळा फ्यूज. १०० वॉटचे दोन असतील तर करंट १७-१८ अँपिअरपर्यंत जातो. तिथे ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि २५चा फ्यूज घ्या किंवा दोन्ही दिवे वेगवेगळ्या फ्यूजवर टाका. मला दुसरा पर्याय आवडतो, कारण एक फ्यूज उडाला तरी अंधार होत नाही.

फ्यूज उडाला तर तो कसा उडाला ते बघा. स्विच दाबताक्षणी उडत असेल तर कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. पाच-दहा मिनिटांनी उडत असेल तर आकडा काठावरचा आहे किंवा भार जास्त आहे. फ्यूज शाबूत आणि होल्डर मात्र वितळलेला, हे दिसलं की लोक चक्रावतात. फ्यूजला फक्त त्याच्यातून जाणारा करंट कळतो. होल्डरच्या सैल पात्यांत होणारी उष्णता त्याच्या हिशोबात येत नाही. १५चा उडतो म्हणून ३०चा टाकणं हा उपाय नव्हे, कारण मग वितळायची पाळी वायरीवर येते.

वायर: जाडी कशाची मोजताय?

तयार हार्नेसमधली (बाजारात मिळणाऱ्या वायरींच्या संचातली) वायर बोटांना जाड लागते, पण टोक सोलून बघा. कित्येकदा जाडी प्लास्टिकची असते आणि आत तांब्याचे मोजके धागे निघतात. धागा नखाने किंवा ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. घराच्या वायरिंगची एकाच जाड तारेची वायर तर गाडीत नकोच. सतत थरथरून ती आतल्या आत तुटते आणि बाहेरून कळतही नाही.

१ चौरस मिलिमीटरची ४ मीटर वायर १० अँपिअरला जवळपास ०.७ व्होल्ट खाते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड साधारण ३० टक्के जातो. दिवे मंद वाटतात म्हणून १०० वॉटचे बल्ब टाकण्याआधी वायर तपासा. मोठ्या बल्बने करंट वाढेल आणि त्याच वायरीत जास्त व्होल्ट गळतील.

एलईडीचा स्वभाव वेगळा. ज्या बारमध्ये चांगला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट असतं, तो व्होल्टेज कमी झालं तरी उजेड तेवढाच ठेवतो आणि त्यासाठी जास्त करंट ओढतो. त्यामुळे वायर बारीक असली तरी डोळ्याला काही समजत नाही, ती फक्त तापते. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावरही जाऊ नका, तो बऱ्याचदा फुगवलेला असतो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वायरीभोवती धरा आणि जो आकडा येईल त्यावर फ्यूज ठरवा. बार चालू केल्यावर रेडिओ खरखरत असेल तर दोष ड्रायव्हरचा असतो. बारची वायर अँटेनाच्या केबलपासून लांब नेली की फरक पडतो.

अर्थिंग

दिव्याचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणं, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. रंगावरच स्क्रू मारून अर्थ घेतला की सुरुवातीला चालतं, पावसाळ्यानंतर गंज धरतो. एक दिवा मंद, दुसरा ठीक, किंवा इंडिकेटर दिला की जादा दिवेही लुकलुकतात: ही खराब अर्थची ठरलेली लक्षणं. रंग खरवडून उघडा पत्रा काढा, वायरीच्या टोकाला लग (धातूचं कडं) क्रिंप करून, म्हणजे पक्कडीने दाबून बसवून, दातेरी वॉशरसकट बोल्टने आवळा आणि वर ग्रीस लावा. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असेल तर अर्थ थेट टर्मिनलवर घेऊ नका, बॉडीवर घ्या. नाहीतर तुमच्या दिव्यांचा करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा चार्जिंगचा हिशोब बिघडतो.

तपासणी दिवे चालू ठेवूनच

दिवा काढून कपलरमध्ये मीटर घातला आणि १२ व्होल्ट दिसले म्हणून वायर ठीक, असं समजू नका. करंट वाहत नसेल तर एकच धागा शिल्लक असलेली वायरही १२ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू, दिवे चालू, मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी दिव्याच्या प्लसवर. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर फ्यूज होल्डर, रिलेची ३० आणि ८७, कपलर अशा टप्प्यांवर मोजत पुढे सरका. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे दोष. तसंच दिव्याचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजा, तिथे ०.२ व्होल्टच्या आत.

आता अल्टरनेटरची शंका फेडायची तर एसी, ब्लोअर, हाय बीम, मागची काच तापवणारा हीटर आणि नवे दिवे, सगळं एकदम चालू करा आणि बॅटरीवर मोजा. आयडलला साडेतेराच्या आसपास मिळालं तर उत्तम. १३च्या खाली जाऊन घसरतच राहिलं तर ॲक्सिलरेटर थोडा दाबा. आकडा वर आला तर भार फक्त आयडलपुरता जड आहे, म्हणून गाडी उभी असताना जादा दिवे बंद ठेवायचे. संगणकावर चालणारे नवे अल्टरनेटर मात्र व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करतात. तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका, भार वाढवत नेऊन कल बघा.

सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल तर गाडी बंद करून, मायनसची केबल सोडवून टर्मिनल आणि केबल यांच्या मध्ये मीटर जोडा, दारं लावून अर्धा तास थांबा, मॉड्यूल झोपू द्या. मग गळती मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. जास्त असेल तर नव्या दिव्यांचा फ्यूज काढा आणि आकडा खाली येतो का ते बघा. मीटर असा जोडलेला असताना दिवे लावू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटरचाच फ्यूज जाईल.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचा मायनस सोडवा. पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यात काही जोडायचं नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून) वायर नेताना ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं रबरी कडं, हवाच. वायर दाबून जोडायच्या प्लास्टिकच्या क्लिप इंजिनच्या बाजूला टिकत नाहीत, तिथे क्रिंप करून श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळली जाणारी नळी) चढवा. सगळं झालं की दिवे अर्धा तास चालू ठेवून फ्यूज होल्डर, रिलेचा बेस आणि प्रत्येक जोड हाताने चाचपा. कोमट लागला तर चालेल. बोट टेकवत नसेल तर तो जोड कापून नव्याने करा.