व्हीटी१०० वर गळणाऱ्या ओळी
माझ्या १९७८ सालच्या घडणीच्या व्हीटी१०० वर (डीईसी कंपनीचा टर्मिनल, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड) मजकूर धक्के खात वर जायचा. टर्मिनलच्या सेटअपमध्ये स्मूथ स्क्रोल (ओळी अलगद वर सरकवणं) चालू केलं (प्रोग्रॅममधून: एस्केप, चौकटी कंस, प्रश्नचिन्ह, ४, छोटा एच). ओळी अलगद चढू लागल्या, पण मोठी फाइल दाखवली की मधल्याच गायब! असं स्क्रोल करताना ६० हर्ट्झच्या विजेवर हा टर्मिनल सेकंदाला जेमतेम ६ ओळी सरकवतो, ५० ला ५. मी ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट), म्हणजे त्याहून कितीतरी वेगाने, मजकूर ओतत होतो. बफर (आलेला मजकूर साठवायची तात्पुरती जागा) भरत आला की टर्मिनल एक्सऑफ हा संकेत पाठवून ‘थांब’ म्हणतो, पण मजकूर पाठवणाऱ्या युनिक्स संगणकाच्या बाजूला ऐकतंय कोण? तिथे ‘एसटीटीवाय आयएक्सऑन’ ही एक्सऑफ पाळायला लावणारी आज्ञा दिली आणि ओळी गळायच्या थांबल्या. एक्सऑफ म्हणजेच कंट्रोल-एस, त्यामुळे ईमॅक्स या मजकूर-संपादकात मात्र शोधाचं कंट्रोल-एस हातचं गेलं, तो वेगळाच ताप.