बीबीएसवर चॅटचं डोअर बसवताना

बीबीएस म्हणजे मॉडेमनं फोन लावून शिरायचा, कुणाच्या तरी संगणकावर चालणारा सूचनाफलक. तो चालवणारा तो सिसॉप, आणि त्यातून उघडणारा बाहेरचा प्रोग्राम म्हणजे डोअर. फोनची लाइन एकच असेल तर मल्टिनोड, म्हणजे एका वेळी अनेक पाहुण्यांच्या चॅटच्या भानगडीत पडू नका. एका वेळी एकच माणूस आत येणार, तो गप्पा कुणाशी मारणार? तुमच्याशीच. त्याला दुभागलेल्या पडद्याचं सिसॉप-चॅट पुरतं. वरच्या अर्ध्यात तुम्ही, खालच्या अर्ध्यात पाहुणा. बीबीएससोबत जे साधं चॅट येतं त्यात दोघांनी एकदम टाइप केलं की एकाच ओळीत दोघांची अक्षरं घुसतात आणि मग दोघंही 'आधी तू बोल' म्हणत बसतात. दोन लाइनी असतील तर मात्र पुढचं सगळं वाचा.

माझं सामान असं: नाशिकला पंचवटीतल्या घरी एक ४८६ संगणक, डॉस ६.२२, एका वेळी अनेक प्रोग्राम चालवणारा डेस्कव्ह्यू, त्यात रिमोटअ‍ॅक्सेस या बीबीएस प्रोग्रामचे दोन नोड (दर लाइनीला एक), आणि दोन बाहेरचे मॉडेम. एक अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून, तो महापालिकेनं उठवायच्या आधी घेतलेला. दुसरा एका दवाखान्याच्या अडगळीतून, सोबत त्यांचा जुना इंटरकॉमचा डबा फुकट. हा डबा सोन्यासारखा जपा. घरातल्या घरात तीन-चार एक्स्टेन्शन मिळतात आणि चाचणीला बाहेरच्या लाइनची गरज राहत नाही. खाली कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना रोमन अक्षरं वापरायची हे सांगायला नको.

चॅटआधी मॉडेम. त्याला एटी&सी१ ही कमांड दिली तर कॅरियरचा (समोरचा मॉडेम जोडलेला असल्याचा) दिवा खरं बोलतो: समोरचा गेला की विझतो. पुष्कळ मॉडेम &सी० वर ठेवलेले सापडतात, म्हणजे दिवा कायम पेटलेला. मग पाहुण्यानं फोन ठेवला तरी चॅटला वाटतं तो आहेच, आणि नोड रात्रभर रिकाम्या खोलीत अडकून पडतो. सोबत &डी२, म्हणजे बीबीएसनं डीटीआर (संगणक तयार असल्याचा इशारा) सोडला की मॉडेम फोन ठेवेल. पहिल्या रिंगला उचलायला एस०=१. शेवटी जपून ठेवायला &डब्ल्यू, नाहीतर वीज गेली की सगळं पुसलं, आणि वीज जाणार नाही असं कुणी समजू नये. फोन लावणाऱ्या मॉडेमला एक्स३ द्या. आपला डायल टोन ४०० हर्ट्झचा, अमेरिकेतला ३५० आणि ४४० चा मिळून. तिकडच्या सवयीचा मॉडेम इथला टोन ओळखत नाही आणि 'नो डायलटोन' म्हणून रुसून बसतो. एक्स३ मध्ये तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

मग फॉसिल. बीबीएस आणि चॅट या दोघांनी सिरियल पोर्टशी थेट झटापट करू नये म्हणून मधे बसणारा हा ड्रायव्हर. एक्स००० असं काही शोधू नका, नाव एक्स००, दोनच शून्यं. नाहीतर बीएनयू घ्या, मला तो आवडतो कारण कॉन्फिग.सिसला हात न लावता बॅच फाइलमधून चढवता येतो. फॉसिल पोर्ट शून्यापासून मोजतो. कॉम१ म्हणजे त्याचा पोर्ट ०, कॉम२ म्हणजे १. चॅटच्या सेटिंगमध्ये '१' लिहिताना तो कुणाच्या हिशेबानं लिहितोय हे माहितीपत्रकात बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पोर्टचा वेग सेकंदाला ३८४०० बिटांवर लॉक करा. मॉडेम आपसात ९६०० वर जुळोत की १४४०० वर, संगणक आणि मॉडेममधला वेग बदलू द्यायचा नाही. दोन नोड चालवायचे तर पोर्टची चिप १६५५०ए हवी, तिच्यात १६ बाइटचा साठा असतो. जुन्या ८२५० किंवा १६४५० मध्ये एकच बाइट मावतो, डेस्कव्ह्यू दुसऱ्या खिडकीत गुंतला की अक्षरं गळतात. चिप कोणती ते डॉससोबतचा एमएसडी हा प्रोग्राम सांगतो, पेटी उघडायला नको. आणि माऊस कॉम३ वर असेल तर काढून ठेवा, त्याची आणि कॉम१ ची आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची तार) ४ एकच.

आता खरं काम: ड्रॉप फाइल. चॅट चालू करण्याआधी बीबीएस एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवतो की कोण आलंय, कुठल्या पोर्टवर, किती मिनिटं उरलीत. चॅट ती वाचतं आणि मगच तोंड उघडतं. या फाइलचा एक प्रकार डोअर.सिस, ती ५२ ओळींची असते. पहिल्या ओळीत पोर्ट, दुसरीत जोडणीचा वेग, चौथीत नोड, पाचवीत लॉक केलेला वेग, दहावीत नाव, एकोणिसावीत उरलेली मिनिटं, विसावीत रंगीत पडद्यासाठी 'जीआर'. चॅटमध्ये फक्त कचरा दिसत असेल तर ते पाचवीऐवजी दुसरी ओळ वाचतंय असं समजा आणि सेटिंगमध्ये वेग हातानं ३८४०० लिहा. चौदाव्या ओळीत पाहुण्याचा पासवर्ड सरळ वाचता येईल असा असू शकतो, म्हणून चॅट संपल्यावर ही फाइल उडवून टाका. दुसरा प्रकार डोरइन्फो१.डीईएफ, १३ ओळींचा. त्यात नाव आणि आडनाव वेगळ्या ओळींत, आणि आधी सिसॉपचं, मग पाहुण्याचं. पाहुण्याला चॅटमध्ये तुमच्याच नावानं हाक मारली जात असेल तर चॅट भलत्या ओळी वाचतंय. फाइल कुठलीही एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी वाचा. माहितीपत्रक पाठ करण्यापेक्षा हे लवकर होतं.

रिमोटअ‍ॅक्सेसमध्ये मेनूत टाइप ७ निवडून एक बॅच फाइल चालवायची. त्या फाइलमध्ये चारच कामं: ड्रॉप फाइल चॅटच्या डिरेक्टरीत कॉपी करणं, तिथे जाणं, नोडचा आकडा देऊन चॅट चालवणं, आणि परत बीबीएसच्या डिरेक्टरीत येणं. चौथं काम विसरलं तर चॅट छान चालतं, पण बाहेर पडल्यावर बीबीएसला स्वतःचंच घर सापडत नाही. पहिली चाचणी मॉडेमशिवाय करा. डोअर.सिसची पहिली ओळ कॉम०: केली की चॅट फक्त तुमच्या पडद्यावर चालतं. इथे उघडलं आणि मॉडेमवर उघडलं नाही, तर दोष चॅटचा नाही, फॉसिल किंवा पोर्टचा.

दोन नोडसाठी फाइलींना कुलूप लावणारं शेअर.ईएक्सई आधी चढवा, डेस्कव्ह्यूच्याही आधी. दोन्ही नोड एकाच फाइलमध्ये संदेश टाकतात, कुलूप नसेल तर एकाचं वाक्य दुसरा खातो. प्रत्येक नोडची डिरेक्टरी वेगळी, संदेशांची मात्र सामाईक. ती रॅमड्राइव्हवर (मेमरीत बनवलेल्या डिस्कवर) ठेवली तर हार्डडिस्कची खरखर थांबते आणि उत्तरं झटकन दिसतात. काही बीबीएस दुसऱ्या नोडवरही डोरइन्फो१ च लिहितात आणि काही चॅट तिथे डोरइन्फो२ शोधतात. बॅच फाइलमध्ये कॉपी करताना नाव बदला, संपला विषय. ४८६ ऐवजी नव्या वेगवान यंत्रावर चॅट सुरू होताच 'रनटाइम एरर २००' देऊन पडलं, तर ते टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे. सुरुवातीला यंत्राचा वेग मोजताना त्याचा भागाकार कोलमडतो. त्यासाठी तयार पॅच मिळतो, नाहीतर यंत्र हळू करा.

मराठीत गप्पा मारायच्या तर रोमन लिपीतच. अक्षरसंचातल्या वरच्या १२८ जागा चौकटी आणि परदेशी अक्षरांत गेलेल्या, भारतीय लिप्यांच्या इस्की या संकेतालाही त्याच हव्यात. दोन्ही टोकांना सीडॅकचं देवनागरी दाखवणारं जिस्ट कार्ड असेल तर वेगळी गोष्ट, पण मग चॅटच्या सुंदर चौकटींच्या जागी क-ख-ग उमटतील. माझा भाचा जेल रोडवरून फोन लावतो, तो रोमन मराठी इतकी आखडून लिहितो की वाचायला त्याच्या आईला बोलवावं लागतं.

इंटरकॉमवर सगळं जुळलं की बाहेरची लाइन जोडा. फायबरवरून आलेल्या फोनवर जोडणी तुटत राहिली तर मॉडेम ९६०० वर बांधा, तरीही नाही जमलं तर २४०० वर. गप्पांना २४०० रग्गड आहे, इतकं भरभर कुणी टाइप करत नाही. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरलं की भिंतीतली तार काढा. आणि सिसॉपला बोलवायच्या घंटीची वेळ आठवड्याच्या सातही दिवसांसाठी भरा. मी संध्याकाळी सात ते दहा ठेवली आहे.