मोज्याच्या हातबाहुलीचे डोळे शेवटी शिवा
मोज्याचा कुत्रा किंवा ससा करताना बटणांचे डोळे आधीच टाकून मोकळे होऊ नका. मोजा हातात घाला: चार बोटं पुढच्या टोकात, अंगठा टाचेत. मधला भाग तळव्यात दाबला की झालं तोंड. आता तोंड उघडं ठेवूनच, बोटांची मुळं उंचावतात तिथे खडूने खुणा करा. टेबलावर सपाट ठेवून खुणा केल्या, तर मोजा ताणल्यावर डोळे भलतीकडेच जातात. शिवताना आत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, नाहीतर दोन्ही पदर एकत्र शिवले जातात. (माझा एक ससा असाच कायमचा मुका झाला.) तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटणं नकोतच, निघाली तर थेट तोंडात जातात. जाड दोऱ्याने डोळे भरा.