टायटल सिक्वेन्स करायचाय? स्टोरीबोर्डच्या आधी नावांची यादी मागा

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी घेते. सिनेमाच्या सुरुवातीला नावं चालू असतात तेव्हाच्या त्या दोन-अडीच मिनिटांच्या ॲनिमेशनमध्ये गोष्ट किती सांगायची? सगळी सांगितली तर पुढे बघायचं काय, आणि काहीच सांगितलं नाही तर नुसती नक्षी होते.

स्पीलबर्गच्या 'कॅच मी इफ यू कॅन'ची (२००२) टायटल्स आधी आवाज बंद करून बघा, मग आवाज लावून. कुंत्झेल आणि देगा या फ्रेंच जोडीने ती केली. माणसांचे आकार हाताने कोरलेल्या शिक्क्यांनी उठवलेत, त्यामुळे कडा जरा खडबडीत दिसतात आणि साठच्या दशकातलं काहीतरी छापील बघतोय असं वाटतं, सिनेमाही त्याच काळात घडतो. एक माणूस पळतोय, दुसरा मागावर आहे, पळणाऱ्याचे कपडे आणि पेशा बदलत जातो. एवढंच कळतं. तो का पळतोय, घरी काय मोडलंय, वडलांशी त्याचं काय आहे, यातलं काहीही नाही, आणि सिनेमाचं खरं दुखणं तर तेच आहे. कोण काय करतंय ते दाखवलं, का करतंय ते राखून ठेवलं. सुरुवातीच्या टायटल्ससाठी मी अजूनही हाच नियम धरून चालते. शेवटच्या टायटल्सना तो लागू नाही, तिथे तुम्ही पुढची गोष्टसुद्धा सांगू शकता. 'वॉल-ई'च्या (२००८) शेवटी माणसं पृथ्वीवर परत वसतात ते गुहाचित्रांपासून पुढे एकेका काळाच्या चित्रशैलीत दाखवलंय, ते बघितल्याशिवाय तो सिनेमा संपत नाही असं मला वाटतं.

आणि टायटल्समधलं पात्र सिनेमात असायलाच पाहिजे असंही नाही. 'द पिंक पँथर' (१९६३) हे त्या सिनेमात एका हिऱ्याचं नाव आहे, हिऱ्यात एक डाग आहे तो उडी मारणाऱ्या पँथरसारखा दिसतो म्हणून. तो गुलाबी प्राणी गोष्टीत कुठेच नाही. पण कार्टून फिल्म करणाऱ्या फ्रिझ फ्रेलेंगच्या मंडळींनी टायटल्समध्ये त्याला असा काही मिरवलाय की पहिल्या मिनिटातच कळतं, इथे चोरी होणार, ती रुबाबात होणार आणि पोलिसांची फजिती होणार. लोकांना तो इतका आवडला की १९६४ साली त्याला स्वतःची शॉर्ट फिल्म मिळाली आणि तिने ऑस्करही घेतलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. नवीन मुलं काय करतात, स्क्रिप्ट वाचतात, डोक्यात भन्नाट आयडिया येते, लगेच स्टोरीबोर्ड (एकेका शॉटचं कच्चं चित्र), मग ॲनिमॅटिक (तीच चित्रं वेळेवर लावून केलेला कच्चा व्हिडिओ), मग रंग, आणि शेवटी प्रोडक्शनकडून नावं आली की ती मोकळ्या जागेत बसवायची. या खड्ड्यात मी पण पडलेय म्हणून इतकं ओरडून सांगतेय. नावं शेवटी बसवता येत नाहीत. येतच नाहीत. कारण नावं हाच टायटल सिक्वेन्सचा मजकूर आहे, चित्र त्यांच्यासाठी आहे.

हिशोब करून दाखवते. एक नाव निवांत वाचायला मी तीन सेकंद धरते, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम्सच्या हिशोबाने ७२ फ्रेम्स. समजा ३० कार्डं आहेत (एका वेळी पडद्यावर जेवढी नावं येतात ते एक कार्ड), झाले ९० सेकंद. सिनेमाचं नाव जरा जास्त वेळ थांबणार, दोन कार्डांमध्ये श्वास घ्यायला जागा लागणार, म्हणजे दोन मिनिटं कुठेच गेली नाहीत. टूज वर काढत असाल, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, तर दोन मिनिटांची १४४० चित्रं. म्हणजे तुमच्या कामाची लांबी, बजेट, किती रात्री जागायचं, हे सगळं त्या यादीवर ठरतं, आणि तुम्ही मात्र यादी न बघताच पन्नास सेकंदांचा ॲनिमॅटिक बनवून डिरेक्टरला आवडवून बसलेले असता. मग ३० नावं पन्नास सेकंदांत कोंबायची, किंवा ॲनिमेशन ताणायचं, आणि ताणलेलं ॲनिमेशन लगेच कळतं.

त्यातून दुसरी भानगड नजरेची. पडद्यावर जे हलतं तिकडे डोळा जातो. डावीकडे पात्र धावतंय आणि उजवीकडे संगीतकाराचं नाव उमटलं, तर ते नाव कुणी वाचलं नाही असं समजा. यावर दोनच उपाय मला माहिती आहेत. एक तर नाव येताना हालचाल थांबवा किंवा अगदी मंद करा, नाहीतर हालचालच नावापर्यंत न्या. आता परत 'कॅच मी' बघा, अक्षरांच्या उभ्या रेघा लांब होत जातात आणि त्यांचंच पुढचं दृश्य बनतं, म्हणजे पळापळ बघायची तर नावावरूनच जावं लागतं. पँथर तर सरळ नावांशीच खेळतो, अक्षरं उलटीपालटी होतात आणि मग जागेवर येतात, तोपर्यंत आपण ते नाव वाचायला धडपडत असतो. हे काही नंतर सुचून चिकटवता येत नाही, नाव माहीत असल्याशिवाय यातली एक फ्रेमसुद्धा काढता येणार नाही.

आणि क्रम! क्रम कॉन्ट्रॅक्टमध्ये ठरलेला असतो, कुणाचं नाव आधी, कुणाचं एकट्याचं कार्ड, कुणाचं दोघांत मिळून, डिरेक्टरचं शेवटी. तुम्हाला वाटलं या शॉटला हिरोईनचं नाव छान दिसेल, तर तसं चालत नाही. म्हणून यादी मागा, लेखी मागा, क्रमासकट मागा, आणि 'अजून फायनल नाही' असं उत्तर आलं तर निदान कार्डं किती आणि सगळ्यात लांब नाव कुठलं एवढं तरी घ्या. त्या लांब नावावरच लेआऊट टेस्ट करा.

मराठी सिनेमासाठी करत असाल तर अजून एक. देवनागरी अक्षरं एकेक करून उडवायला जाऊ नका. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट इंजिनचं सेटिंग नीट नसेल तर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. नाव फायनल झालं की त्याचे शेप्स, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार, करून घ्या आणि कुठे तोडायचं ते स्वतः ठरवा, पण शेप्स केल्यावर कुणी सांगितलं की आडनावात दीर्घ पाहिजे, तर ते कार्ड पुन्हा करावं लागणार, म्हणजे फिरून तेच, यादी आधी. बाकी शिरोरेघ ही आपल्याकडची देणगी आहे हो. रोमन अक्षरांच्या उभ्या रेघा लांबवून 'कॅच मी'वाल्यांनी एवढं केलं, आपल्याकडे अख्ख्या शब्दावरून जाणारी आडवी रेघ आयती आहे, तिचा रस्ता करा, तार करा, पाण्याची पातळी करा.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. हे सगळं साध्या वहीत करता येतं. सॉल बास या ग्राफिक डिझायनरने १९५५ साली 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'साठी केलेलं बघा, काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या, नावं, आणि शेवटी त्या पट्ट्यांमधून झालेला एक वाकडा हात. व्यसनाची गोष्ट आहे, आणि तो एक हात अंगावर येतो. चित्र चांगलं काढता येत नाही म्हणून रडणाऱ्यांनी ते जरूर बघावं.

टेम्प्लेट वापरू नका, याबाबतीत मी अजिबात ऐकून घेणार नाही. टेम्प्लेटमध्ये कुणाच्याही सिनेमाला चालेल असं ॲनिमेशन असतं, आणि टायटल्सचं काम तर हाच सिनेमा कसा आहे ते सांगायचं. आणि गुरू शोधत असाल तर माझं मत थोडं वेगळं आहे, ॲनिमेटरच्या आधी एखाद्या एडिटरशेजारी बसा. कट कुठे पडतो, नाव कधी उचलायचं हे तो जास्त लवकर शिकवतो. आयडीसी (आयआयटी मुंबईतलं डिझाइन स्कूल) किंवा एनआयडीला (अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था) ॲडमिशन मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तरी काम करणाऱ्या माणसाशेजारी बसणं कुणी अडवलेलं नाही. आपले जुने ॲनिमेटर राम मोहनसुद्धा १९५६ मध्ये मुंबईत सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये डिस्नेहून आलेल्या क्लेअर वीक्सच्या हाताखालीच तयार झाले, आणि पुढे 'भुवन शोम', 'शतरंज के खिलाडी' अशा खऱ्या नटांच्या सिनेमांमधले ॲनिमेशनचे तुकडे त्यांनी केले. ते तुकडे शोधून बघा, आपल्याकडे हे काम किती आधीपासून होतंय ते कळेल.

शोरीलसाठी, म्हणजे काम मागताना दाखवायच्या आपल्या नमुन्यांच्या व्हिडिओसाठी, बरेच जण आवडत्या सिनेमाची नवीन टायटल्स बनवतात, आयडिया चांगली आहे, फक्त त्यात पाच नावं टाकून थांबतात. बघणाऱ्या माणसाला पहिल्या वीस सेकंदांत समजतं की याने खऱ्या यादीशी झगडा केलेला नाही. कुठलाही एक जुना मराठी सिनेमा घ्या, त्याची सुरुवातीची सगळी कार्डं क्रमाने वहीत उतरवा, प्रत्येक किती सेकंद थांबतं ते स्टॉपवॉचने मोजा, आणि सगळीच्या सगळी नावं घेऊन ॲनिमॅटिक करा, रंग न भरता, नुसत्या पेन्सिलीत. मला कुणी शोरील दाखवायला आलं तर मी चकचकीत ४० सेकंदांपेक्षा तो पूर्ण नावांचा पेन्सिल ॲनिमॅटिक आधी बघते.